गिरणीला रकाना नाही

सीना नदीचं पाणी ओसरून चार दिवस झाले, तेव्हा आक्काच्या दारात पंचनाम्याला माणूस आला. दारात म्हणजे रस्त्यापर्यंत. रस्ता आणि आक्काचं घर यांच्यामध्ये पन्नासेक पावलांचा चिखल होता आणि साहेबांच्या पायांत नवे पांढरे बूट होते. तलाठी या पदाचं नाव आता बदललंय, ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पाटी बदलली, शिक्का बदलला, माणूस मात्र पूर्वीसारखाच चिखलाच्या पलीकडे उभा राहून ओरडला, "मावशी, पाणी घरात किती वेळ होतं?"

आक्का माझी थोरली बहीण. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मूलबाळ नाही. घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागच्या दोन खोल्यांत ती एकटी. गावातल्या निम्म्या भाकऱ्या तिच्या गिरणीतल्या पिठाच्या. मी जुळे सोलापुरात फ्लॅटमध्ये राहतो. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालो. पुराची बातमी कळल्यावर वाट मोकळी झाली तसा मी स्कूटरवरून गेलो आणि तिच्याबरोबर चिखल उपसत होतो. म्हणून हा सगळा पंचनामा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

"किती वेळ हुतं?" आक्का हातातलं घमेलं खाली ठेवून म्हणाली. "मी काय घड्याळ घिऊन बसली न्हवती. शाळंच्या माडीवर हुती की तीन दिस."

"तसं नाही चालत मावशी. तास लिहावे लागतात."

"मग नदीला इचारा."

पाणी पहाटे आलं होतं. वर धरणातून सोडलंय, नदीकाठच्यांनी निघा, असं पंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं, तेव्हा ते गल्लीत शिरलंच होतं. आक्काने काय केलं असेल? तिच्याकडे लोकांच्या दळणाचे डबे होते. ज्वारीचे, गव्हाचे, एक बेसनाचा. झाकणांवर रंगाने नावं घातलेली. ती ते डबे शेजारच्या स्लॅबवर चढवत बसली. अकरा चढवले. बाराव्या वेळी पाणी तिच्या कमरेला लागलं, तेव्हा शेजाऱ्याने तिला दंडाला धरून ओढून नेलं. स्वतःची पेटी, साड्या, अंथरूण, वर्षाची ज्वारी, सगळं पाण्यात. मी तिला रागावलो, तर म्हणाली, "आरं, लोकांचं दळण हाय ते."

तर साहेब. त्यांनी रस्त्यावरूनच मोबाइल उंच धरून भिंतीचा फोटो घेतला. भिंतीवर पाण्याची रेघ आक्काच्या डोक्याच्या वर गेलेली स्पष्ट दिसत होती. मग मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहायला लागले. त्यांच्याबरोबर दोन पंच होते. पंच म्हणजे ज्यांनी जागेवर उभं राहून नुकसान पाहायचं आणि सही करायची. त्यांतला एक गावच्या पुढाऱ्याचा मेहुणा. त्याने आक्काच्या घराकडे मान वळवूनही पाहिलं नाही, आधी सही केली आणि मग तंबाखू मळली.

मी चिखलातून रस्त्यावर गेलो. "भाऊसाहेब, गिरणीची मोटार गेलीय. पट्टा गेला, दगडांत गाळ बसलाय. ते लिहिलंत का?"

"गिरणीला रकाना नाही," ते म्हणाले. "घर आहे, भांडीकुंडी आहे, जनावरं आहेत, पीक आहे. गिरणी कशात लिहू? जनावरात?"

दोन्ही पंच हसले. साहेबही हसले, आपल्याच विनोदावर, मोठ्याने. माणूस निर्लज्ज असला तर त्याचं मला फारसं काही वाटत नाही, निर्लज्ज माणसं पुष्कळ पाहिली. पण हा माणूस मूर्ख होता आणि आपल्या मूर्खपणावर खूश होता. ज्या घरात चूल पेटायला जागा उरली नव्हती, त्याच्यासमोर उभं राहून त्याला विनोद सुचला होता.

त्याच दुपारी पुढारी आले. त्यांच्या मागे टेम्पो. टेम्पोत पिशव्या, प्रत्येक पिशवीवर त्यांचा फोटो. आत तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, बिस्किटाचे पुडे. पिशवी देताना फोटोतला चेहरा कॅमेऱ्याकडे आला पाहिजे याकडे एका कार्यकर्त्याचं बारीक लक्ष होतं. आक्काची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आक्का, पिशवी जरा छातीशी धरा. आन् हसू नका."

"हसू न्हाय येत बाबा," आक्का म्हणाली, "पर हात लई घाण हायत. सायबाच्या तोंडाला चिखल लागंल."

त्याने पिशवी परत घेतली, शेजारणीच्या हातात दिली आणि तिचा फोटो काढला. तांदूळ आक्काला नंतर शेजारणीनेच अर्धे दिले.

आठवड्याने पंचायतीच्या दारावर यादी लागली. मी त्या दिवशी तिकडेच होतो. आक्का चौथी शिकलेली. अक्षर लावून वाचते, पण वाचते. ती यादीसमोर उभी राहिली आणि बोट ठेवून ठेवून आपलं नाव शोधलं. नावापुढे एकच शब्द.

"निरंक म्हंजे रं?"

"काही नाही, असा अर्थ."

"कायबी न्हाय म्हंजे? पाणी आलंच न्हाय?"

"त्यांच्या कागदावर नाही आलं."

तिने पुन्हा यादीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती मोठ्याने वाचायला लागली. एकेक नाव, त्यापुढे काय लिहिलंय ते. पंचायतीसमोर वीस-पंचवीस माणसं होती. आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग ज्यांना वाचता येत नव्हतं ते जवळ आले, आणि ज्यांना येत होतं पण वाचायचा कंटाळा होता तेही. ती हळू वाचत होती, म्हणून प्रत्येक शब्द ठळक ऐकू येत होता. मध्येच ती थांबली. पंच म्हणून सही करणारा तो मेहुणा. त्याचं घर गावठाणाच्या उंचावर, देवळाच्याही वर. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, घर पूर्णतः पडले.

आक्का वळली. मेहुणा कट्ट्यावरच बसला होता.

"तुमचं घर कवा पडलं वो? काल तर आमी तितं च्या प्यालो."

जे हसू फुटलं ते थांबेना. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मेहुणा उठला, धोतर झटकलं आणि चूक लिहिणाऱ्याची, आपली नव्हे, असं काहीतरी पुटपुटत निघून गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "जपून जा, इटा पडतील डोस्क्यात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब परत आले, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून. आता ते चिखलातून सरळ आत आले, भिंतीला पट्टी लावली, भांडी मोजली, आक्काला "आक्का" म्हणाले. फेरपंचनाम्यात घराची पडलेली मागची भिंत आली, भांडीकुंडी आली, कपडे आले. अप्रामाणिक माणूस भीतीने प्रामाणिक होतो तेव्हा तो जास्तच किळसवाणा वाटतो. चहा घेऊन गेले.

गिरणीला तरीही रकाना नव्हता.

आता काम माझं होतं. मी सोलापुरात आलो आणि शासन निर्णय शोधायला बसलो. सरकारने दिलेली मदत सरकारकडूनच लपवून ठेवलेली असते, ती शोधावी लागते. संकेतस्थळावर शोधायच्या चौकटीत मी 'गिरणी' टाकलं. सूतगिरण्यांच्या भागभांडवलाचे निर्णय आले, पानामागून पान. 'पिठाची गिरणी' टाकलं, महिलांना गिरणी वाटपाची एक जुनी योजना निघाली, ती बंद झालेली. 'पूर' टाकलं तर पूरक मागण्या, पूरक पोषण आणि पूरक अध्यापन. तीन दिवस असे गेले. बायको म्हणाली, नोकरीत असताना इतकं वाचलं असतंत तर साहेब झाला असतात.

चौथ्या दिवशी सापडलं. एका निर्णयाच्या परिशिष्टात, पानाच्या तळाशी एक ओळ होती : दुकानदार, टपरीधारक व तत्सम लहान व्यावसायिक. पंचनामा झाला असेल तर मदत देय. मी 'तत्सम' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. पिठाची गिरणी दुकानासारखीच की. आणखी काय पाहिजे?

छापून घेतलं, आक्काला बोलावलं आणि आम्ही दोघं तहसील कचेरीत गेलो. मदतीच्या टेबलावर जो कारकून बसला होता, तो मला पाहून उभा राहिला. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तो माझ्या हाताखाली नवा लागला होता. त्याला टिपणी लिहायला मी शिकवलं होतं. त्याने आक्काला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मला वाटलं, झालं काम.

त्याने निर्णय उलटसुलट पाहिला. "साहेब, पिठाची गिरणी दुकानात नाही येत. उद्योगात येते. उद्योग विभागाकडे जा."

"पण तत्सम लिहिलंय की."

"लिहिलंय. पण तत्सममध्ये काय काय येतं, ते कुठं लिहिलंय?" तो नम्रपणे म्हणाला. "बरं, पंचायतीचा गिरणीचा दाखला आहे?"

आक्का म्हणाली, "हुता. पेटीत हुता. पेटी गेली."

"मग दुय्यम प्रत आणा."

आम्ही पंचायतीत गेलो. पंचायतीतही पाणी शिरलं होतं. नोंदवह्या गच्चीवर वाळत टाकल्या होत्या आणि पानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. ग्रामसेवकाने पत्र दिलं, नोंदवही भिजल्यामुळे दाखला देता येत नाही. ते पत्र घेऊन पुन्हा कचेरीत. कारकुनाने ते वाचलं. "हे नाही चालणार साहेब. यात दाखला नाही."

"दाखला नाही असंच तर लिहिलंय त्यात."

"तेच म्हणतोय मी."

मी म्हणालो, गिरणीचं वीजबिल आहे, वीज कंपनीकडे नोंद आहे, मीटर आक्काच्या नावावर आहे. तो म्हणाला, ते पुरावा म्हणून नमूद नाही. मग त्याने अर्ज पुढे ओढला आणि सुंदर, गोल अक्षरात कोपऱ्यात लिहिलं : सबब, अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत.

माझा आवाज चढला. "अरे, पूर आला होता पूर! हिच्या घरात डोक्याएवढं पाणी होतं! त्रुटी कसली काढतोस?"

त्याला खरंच वाईट वाटलं असावं. तो खाली पाहत म्हणाला, "साहेब, रागावू नका. तुम्हीच सांगितलं होतं की. शंका असली तर मंजूर करू नये आणि नामंजूरही करू नये. परत करावं. परत केलेल्या अर्जाने कुणाची नोकरी जात नाही."

हे मी सांगितलं होतं. शब्द न् शब्द माझा होता.

बाहेर निंबाखाली अर्ज लिहून देणारे बसतात, तिथे आक्का आणि मी बाकावर बसलो. मला एक बाई आठवली. तिचा नवरा वीज पडून मेला होता. मदतीचा अर्ज माझ्या टेबलावर आला. मृत्यूच्या दाखल्यावर नवऱ्याच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्व होती आणि रेशनकार्डावर दीर्घ. मी अर्ज परत केला. ती दुरुस्त करून आली, तर आडनावाचं स्पेलिंग इंग्रजीत वेगळं निघालं. परत केला. तिसऱ्यांदा काय काढलं होतं, ते मला आठवत नाही. चौथ्यांदा ती आली नाही. संध्याकाळी टेबल रिकामं झालं म्हणून मला बरं वाटलं होतं. ती बाई कुठल्या गावची होती तेही आता आठवत नाही, आणि हे लिहिताना मला त्या नव्या बूटवाल्या तलाठ्यापेक्षा वेगळा असा मी सापडत नाही. तो निदान रस्त्यापर्यंत आला होता. मी खुर्चीतूनही उठलो नव्हतो.

"तू बी आसंच करीत हुतास का रं?" आक्काने विचारलं.

"व्हय."

तिने माझ्याकडे पाहिलं, तसं तिने आजवर कधी पाहिलं नव्हतं. मग तिने नजर कचेरीच्या दाराकडे वळवली. मला वाटलं, उठून जाईल. पण ती म्हणाली, "मग तुला ठावं आसंल की. ही मान्सं भितात कशाला?"

मी म्हणालो, "आवक क्रमांकाला."

खरंच तसं आहे. तोंडी अर्जाला कुणी भीत नाही, रडण्याला तर अजिबात नाही. पण कागदावर शिक्का पडला, वहीत नंबर चढला की तो कागद मरेपर्यंत कुणाच्या तरी नावावर राहतो. आम्ही तिथेच नवा अर्ज लिहिला. वीजबिल, फेरपंचनामा, ग्रामसेवकाचं पत्र, निर्णयाची प्रत, सगळं जोडलं. टेबलावर गेलोच नाही, सरळ आवक बारनिशीत, आलेला कागद वहीत चढवतात तिथे, दिला आणि पोच घेतली. महिनाभराने माहितीच्या अधिकारात विचारलं, अर्ज कुणाकडे आहे? त्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा. चौतीस वर्षं जी हत्यारं मी लोकांवर चालवली, ती आता मी सरकारवर चालवत होतो, आणि खोटं कशाला सांगू, त्यात मजा येत होती.

मधल्या काळात घराच्या मदतीसाठी आधारची पडताळणी करा असा निरोप आला. सेवा केंद्रात रांग. आक्काचा अंगठा यंत्रात उमटेना. उजवा झाला, डावा झाला, मग सगळी बोटं. दगडाखालचं गरम पीठ चिमटीत घेऊन भरड किती आहे ते पाहण्यात तिच्या बोटांवरच्या रेघा कधीच गुळगुळीत झाल्या होत्या. केंद्रातली मुलगी च्युइंगम चघळत म्हणाली, "आजी, अंगठा जरा घासून या."

"घासूनच हितं आलीय बाय," आक्का म्हणाली.

तिसऱ्या फेरीला डोळे दाखवून काम झालं.

गिरणी मात्र तिने सरकारसाठी थांबवली नाही. सोलापुरातून मोटारी दुरुस्त करणारा एक मिस्त्री तिच्या जुन्या ओळखीचा. म्हातारा, सफेद दाढी, टमटम करून आला. मोटार उघडली, आत बोट फिरवून वास घेतला. "आक्का, जली नै है. पानी पी के बैठी है बस. सुखने दो, फिर मैं तार भर देतूं."

दोन दिवस मोटार उन्हात पडली. मग त्याने ती सोलापूरला नेली, तार भरून आणली. दगडांना टाकी लावून नव्या खाचा पाडून घेतल्या, नवा पट्टा चढवला. पहिलं दळण फेकायचं म्हणून पुरात भिजलेली ज्वारी टाकली. गाळ आणि पीठ मिळून काळपट भुगा पडला. दुसरं टाकलं, करडं आलं. तिसऱ्याला पांढरं. मिस्त्रीने पीठ चिमटीत घेतलं, जिभेवर ठेवलं आणि मान हलवली. त्या माणसाने कुठला अर्ज मागितला नाही, दाखला मागितला नाही, पाणी किती तास होतं ते विचारलं नाही. त्या सबंध प्रकरणात ज्याला आपलं काम येत होतं असा मला भेटलेला तो एकमेव माणूस.

दिवाळीच्या आधी गिरणी चालू झाली. घराची मदत त्यानंतर बऱ्याच दिवसांनी खात्यावर आली. मागची भिंत तिने तोवर उचललीच होती. गिरणीच्या अर्जाला हिवाळा संपता संपता उत्तर आलं, माहितीच्या अधिकारातल्या माझ्या तिसऱ्या अर्जानंतर. पत्र असं होतं की शासन निर्णयातील 'तत्सम' या शब्दाबाबत अर्थबोध होत नसल्याने वरिष्ठ कार्यालयाकडून मार्गदर्शन मागविण्यात आले आहे. मी ते आक्काला वाचून दाखवलं.

"म्हंजे त्येंनी लिवल्यालं त्येंनाच कळंना?"

"तसंच."

"आन् आपुन अडाणी," ती म्हणाली आणि दळण काढायला उठली. ते मार्गदर्शन अजून आलेलं नाही. मी दर दोन महिन्यांनी विचारतो. आता मदतीसाठी विचारत नाही, त्यांना झोप लागू नये म्हणून विचारतो.

उन्हाळ्यात तलाठ्याचा मला फोन आला. आवाज गोड होता. पूरग्रस्तांना मदत वाटपाचा मोठा कार्यक्रम सोलापुरात आहे, मंत्री येणार आहेत, व्यासपीठावर प्रातिनिधिक स्वरूपात काही लाभार्थ्यांना धनादेश द्यायचे आहेत. आक्कांचं नाव वरून ठरलं आहे. गावातून बस सुटेल, जेवणाची सोय आहे.

"पैसे तर आले की खात्यात. कधीच आले," मी म्हणालो.

"हो, धनादेश फक्त फोटोपुरता. परत घेणार आहोत."

मी आक्काला फोन लावला. मागे गिरणीचा घरघराट होता, म्हणून मला सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं. "त्येंला सांग, धा डबं लागल्यात. येता येत न्हाय."

मी तसंच सांगितलं. तलाठी म्हणाला, बघतो काय करायचं ते.

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो आला. मोठा पुठ्ठ्याचा धनादेश, त्याच्या एका बाजूला मंत्री, दुसऱ्या बाजूला हिरव्या साडीतली एक बाई, पदर डोक्यावर, बळेच हसणारी. खाली आक्काचं नाव. मी तो कागद घेऊन गावाकडे गेलो. आक्काने हात पुसले, चष्मा लावला आणि फोटो जवळ धरून निरखून पाहिला.

"कोण हाय गं ही?" मी विचारलं. "ओळखतीस?"

"न्हाय बा," आक्का म्हणाली. "पर साडी चांगली हाय की."